सरकारची हजेरी घेणारा मास्तर

मी शाळेच्या दारात पोचलो तेव्हा हजेरी चालू होती. शाळा म्हणजे गावची चावडी. आत पोरं मांडी घालून बसली होती आणि एक उंच, वाळका माणूस हात मागं बांधून पुकारत होता.

"इमारत?"

"गैरहजर!" सगळी पोरं एका सुरात ओरडली.

"फळा?"

"गैरहजर!"

"नकाशा?"

"गैरहजर!"

"दुसरा मास्तर?"

"गैरहजर!"

दुसरा मास्तर मीच होतो. नेमणुकीचा कागद हातात धरून मी उंबऱ्याच्या बाहेर उभा होतो. पुढच्या रांगेतली एक पोरगी, तिचं नाव चंद्रा, मान वळवून म्हणाली, "ओ मास्तर, बगा की, दारात कोन पावणं आल्यात."

मास्तरांनी कागद घेतला, नीट वाचला, मला पायापासून टोपीपर्यंत पाहिलं आणि पोरांना म्हणाले, "सरकार आलंय रे. समदं न्हाय, थोडंसं. पुन्हा म्हणा. दुसरा मास्तर?"

"गैरहजर!"

इतक्या दिवसांची सवय एका कागदानं मोडणार कशी? मी समोर उभा असूनही पुढं आठवडाभर पोरांच्या लेखी मी गैरहजरच होतो.

आधी पोरांची हजेरी, मग सरकारची, हा त्यांचा रोजचा नेम होता. त्यात चेष्टा नव्हती. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा नुकताच गावोगाव पोचला होता. कोल्हापूरच्या महाराजांनी तो मनापासून केला होता याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण कोल्हापुरातून निघालेला हुकूम हुपरीच्या अलीकडच्या आमच्या गावात येईपर्यंत त्यातलं फक्त एक कलम जिवंत राहिलं होतं. पोर शाळेत आलं नाही तर बापाला दंड.

मास्तर विचारायचे, "पोर गैरहजर तर बापाला दंड. बरं. मग मायबाप सरकार गैरहजर असंल तर दंड कुणाला?" हा प्रश्न ते पाटलाला विचारायचे, वाण्याला विचारायचे, चावडीवर आलेल्या शिपायालाही विचारायचे. लोक हसत आणि म्हणत, मुलाण्याचा मास्तर हाय, डोक्यानं जरा सुटलाय.

जातीनं ते मुलाणी. बाप गावोगाव बकरी कापत हिंडायचा, आणि पोरगा ट्रेनिंग कॉलेजात जाऊन मास्तर झाला. पागोटं नेहमी डावीकडं कललेलं. खिशात भाजके शेंगदाणे. बरोबर उत्तर देणाऱ्याला शेंगदाणा नसे, चुकलेल्याला असे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "धाकलं मास्तर, ज्याला आलं त्याचं पोट भरलं. उपाशी कोन हाय, ते बगा." ते मला धाकलं मास्तर म्हणायचे. पुढं सगळं गाव तेच म्हणायला लागलं.

मी वाढलो चोपड्यांवर. आमच्या घरी देव्हाऱ्यात पोथी नव्हती. चुलत्यानं कोल्हापूरच्या सभांतून आणलेली पातळ पातळ चोपडी होती. अन्याय दिसला की त्याला जोरात नाव द्यावं, एवढं मला येत होतं. मास्तरांना त्यापुढचं येत होतं. नाव दिल्यावर रोज सकाळी ते पुकारायचं.

चावडी सरकारी असल्यामुळं सारावसुलीचा अंमलदार आला की शाळा उठायची. मग पोरं शेजारच्या कोंडवाड्यात बसायची, जिथं चुकलेली जनावरं कोंडतात. मास्तर त्या दिवशी पोरांना म्हणायचे, "बसा रे. आज आपन जप्त झालोय." फळा नसल्यानं ते कोळशानं चावडीच्या भिंतीवर लिहायचे. पाटील दर अमावास्येला भिंत चुन्यानं पांढरी करून घ्यायचा. एकदा दोघांची जुंपली.

"चावडी हाय ही मास्तर, तुमच्या बापाची पाटी न्हवं."

"बापाची असती तर सरकारकडं मागीत बसलो असतो का, पाटील?"

पाटील माणूस वाईट नव्हता. त्याला शाळा हवी होती, पण ती दिसायला हवी होती. आत काय चालतं याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. असे लोक मी पुढं कोल्हापुरातही फार पाहिले.

दंडाच्या बाबतीत मास्तरांची एक वेगळीच रीत होती. आमच्या गावची निम्मी पोरं हुपरीच्या चांदीवाल्यांसाठी घरात बसून पैंजणांची घुंगरं जोडायची. बारीक बोटं लागतात म्हणून मोठ्यांपेक्षा पोरांनाच काम जास्त. कायद्याप्रमाणं अशा पोरांच्या बापांची नावं वर कळवायची होती. मास्तरांनी एकही नाव कधी कळवलं नाही. ते सरळ त्या घरी जायचे, उंबऱ्यावर बसायचे आणि तिथूनच मोठ्यानं पाढे सुरू करायचे. आतली पोरं हात चालवत पाढे म्हणायची. शेजारीपाजारी जमायचे. चंद्राचा बाप एकदा वैतागून बाहेर आला.

"मास्तर, उठा की आता! गिऱ्हाईक आलंय."

"पोरगी शाळंत धाड, उठतो."

"घुंगरं जोडली तर घरात कायतर येतंय. तुमच्या शाळंत काय येतंय ओ?"

"पंधराचा पाडा येतोय. म्हन गं चंद्रा."

चंद्रानं आतून पंधराचा पाढा म्हटला, शेवटपर्यंत, न चुकता. गिऱ्हाईक हसलं. बापानं कपाळावर हात मारला आणि अधूनमधून येणारी पोरगी दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी शाळेत येऊ लागली. मास्तर मला म्हणाले, "गावात कुनाला दंड झाला तर नापास मी. बाप न्हवं."

त्या वर्षी खात्याकडून कागद आला. ज्या शाळांची प्रगती समाधानकारक नसेल त्या बंद करून शेजारच्या गावच्या शाळेत मिळवल्या जातील. आमच्या शाळेची तपासणी करायला दिपोटी साहेब, म्हणजे खात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर, स्वतः येणार होते. गेली दोन वर्षं ते शेजारच्या गावापर्यंतच यायचे. तिथल्या हेडमास्तरच्या घरी जेवण झालं की आमची तपासणी तिथल्या ओसरीवरच उरकायची. शेजारच्या गावी जायचं म्हणजे ओढा ओलांडायचा. पावसाळ्यात त्या ओढ्याला माणूसभर पाणी असतं. शाळा तिकडं गेली तर आमची पोरं घरी बसणार, आणि घरी बसली की बापांना दंड होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

शेजारचा हेडमास्तर, गुबगुबीत आणि हसऱ्या तोंडाचा माणूस, बाजारच्या दिवशी आमच्याकडं आला. आमच्या भागात मास्तरांची एक उसनवारी चालायची. ज्याची तपासणी असेल त्याला शेजारच्यानं आपली हुशार पोरं द्यायची, आणि वेळ आली की परत मागायची. बायका जसं विरजण उसनं देतात तसं.

"दहाबारा पोरं धाडतो की," तो म्हणाला. "कविता म्हणतील, त्रैराशिक सोडवतील. तुमची ती घुंगराची पोरं त्या दिवशी मळ्यात पाठवा."

मास्तर म्हणाले, "ज्यांची शाळा जाणार तीच पोरं मळ्यात?"

"अहो, शाळा वाचवायचीय का नाही तुम्हाला?"

"वाचवायची हाय. म्हणून तर तीच पोरं बसवणार."

तो हात झटकून गेला. पण जाता जाता पाटलाच्या घरी थांबला. तपासणीच्या दिवशी तांबडं फुटायला आम्ही चावडीत आलो तर भिंतीला काळा कुळकुळीत फळा टेकून ठेवलेला, खुंटीला हिंदुस्थानचा नकाशा, खाली लाल जाजम, कोपऱ्यात खुर्ची आणि वर टिकटिकणारं घड्याळसुद्धा. सगळं शेजारच्या शाळेचं. पाटील मिशीवर हात फिरवत उभा होता.

"पोरं नको म्हणालात, नको. सामानाला काय तोंड हाय का? ते काय बोलतंय?"

सामान परत धाडायला वेळ नव्हता. ओढ्याकडून साहेबांचा टांगा येताना दिसत होता.

दिपोटी साहेब आले, खुर्चीवर बसले. घाम पुसून त्यांनी पोरांना वाचायला लावलं. कुणी वाचलं, कुणी अडखळलं. चंद्रानं हिशेब बरोबर सांगितला. तिच्या शेजारच्या पोरानं सगळ्या देवांची नावं घेऊन शेवटी चुकीचा सांगितला. एकंदरीत आमची शाळा जशी होती तशी दिसली; फार बरी नाही, फार वाईट नाही. साहेब खूश दिसले. उठून ते भिंतीपाशी गेले आणि पाटलाला म्हणाले, "वा! मी अहवालात लिहिलं होतं तसं सगळं आहे. फळा..."

"गैरहजर!" पोरं ओरडली.

साहेबांचा हात हवेतच राहिला. त्यांना वाटलं पोरांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी फळ्यावर टिचकी मारून मोठ्यानं म्हटलं, "हा फळा!"

"गैरहजर!"

"आणि हा नकाशा..."

"गैरहजर!"

पाटलाचा चेहरा चुन्यासारखा झाला. मागं कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग सगळी चावडीच हसू लागली. पोरांचा काही दोष नव्हता. त्यांना रोज सकाळी जे शब्द ऐकू यायचे त्यांचं उत्तर त्यांच्या जिभेवर बसलं होतं. डोळ्यांसमोर काय टेकून ठेवलंय ते बघायला जीभ थांबत नाही. कोल्हापूर दरबारच्या राज्यात त्या दिवशी सरकारी अधिकाऱ्यासमोर खरं बोललेली तेवढीच माणसं होती, आणि ती खाली जाजमावर बसली होती.

साहेबांनी पोरांना बाहेर काढलं. आत पाटील, मास्तर आणि मी.

"राजद्रोह शिकवता?" साहेब म्हणाले. "या शाळेत फळा, नकाशा, घड्याळ सगळं पोचलं आहे, असं मी दोन वर्षं लिहून देतो आहे. खोटं कोण? मी, की तुमची पोरं?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. मास्तरांनी माझ्याकडं न बघता मला हातानं थांबवलं.

"साहेब," ते म्हणाले, "शाळा ऱ्हाईल का?"

"सामान सगळं आहे, पोरांना वाईट सवय मी लावली, असं लेखी द्या. राहील."

मी म्हणालो, "मास्तर, सही करू नका. हे कोल्हापुरात नेऊ. महाराजांपर्यंत नेऊ."

"धाकलं मास्तर, तुमचं खरं हाय. तुमी कोल्हापूरला जाऊन येस्तवर ओढा भरंल." मग साहेबांकडं वळून म्हणाले, "पोरं खोटी, साहेब. आना कागद."

दाराशी चंद्रा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. सही करून ते बाहेर आले तेव्हा तिनं विचारलं, "मास्तर, आमी खोटं बोललो व्हय?"

मास्तरांनी खिशात हात घातला. शेंगदाणे संपले होते. ते तसेच तिच्या शेजारून निघून गेले. मी त्यांच्यावर इतका चिडलो होतो की त्या दिवशी त्यांच्याशी बोललो नाही. चोपड्यांत जे लिहिलेलं असतं त्यात असा माणूस बसत नाही. तिथं एक तर वीर असतो, नाही तर विकला गेलेला. मी त्यांना दुसऱ्या रकान्यात टाकून मोकळा झालो.

शाळा राहिली. मास्तर राहिले नाहीत. महिन्याभरात त्यांची बदली आजऱ्याकडच्या डोंगरात झाली. उसनं सामान तर तपासणीच्याच संध्याकाळी ओढ्यापलीकडं परत गेलं होतं. मास्तरांची बैलगाडी निघाली तेव्हा वेशीपर्यंत पोरं गेली. मोठं माणूस कुणी आलं नाही. लोकांना वाटत होतं, वेड्यामुळं शाळा जाणार होती, थोडक्यात वाचली.

पुढं मी एकटाच. कोळसा, भिंत आणि अमावास्येचा चुना. शेवटी मी दिपोटींना वगळून थेट कोल्हापूरच्या कचेरीत अर्ज केला: आमच्या शाळेला फळा द्यावा. कचेरीनं उत्तर दिलं, आणि तेही लवकर दिलं. आपल्या शाळेत फळा असल्याचं तत्कालीन हेडमास्तरांनी सहीनिशी लिहून दिलं आहे. तो कुठं गेला, कुणी नेला, याचा तपास करून जबाब द्यावा.

जो फळा कधी नव्हता त्याचा तपास सुरू झाला! दोन वर्षं इमारत मागितली तेव्हा या खात्याचा एक कारकून गावात फिरकला नव्हता; नसलेला फळा शोधायला दोघं आले. त्यांनी पाटलाला विचारलं. पाटलानं सामान उसनं आणलं हे सांगितलं असतं तर तो स्वतः अडकला असता, शेजारचा हेडमास्तर अडकला असता आणि दिपोटी साहेबही अडकले असते. पाटील विचार करून म्हणाला, "नेला असंल बाबा मास्तरनं. जाताना गाडी भरून गेलता."

गाडीत एक पेटी, दोन गोधड्या आणि भाबींचं, म्हणजे मास्तरांच्या बायकोचं, जातं होतं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मी तसा जबाब दिला. कारकुनानं तो लिहून घेतला आणि म्हणाला, "तुम्ही तर त्यांचेच माणूस."

मी आजऱ्याकडं निघालो. तिथवर पोचायला पाय आणि खटारे दोन्ही झिजवावे लागले. मास्तरांची नवी शाळा एका गोठ्यात भरत होती. घरात भाताची पेज शिजत होती. मी सगळी हकीकत सांगितली तसा भाबींच्या हातातला पळा खाली आपटला.

"घरात चूल पेटवायला फळी नाही, फळा कुठला! ह्यांना चोर म्हंत्यात? तुमी कागदात लिवा, मास्तर. समदं लिवा. त्या पाटलाचं बी लिवा."

"लिहितोच," मी म्हणालो. "वर्तमानपत्रात देतो."

मास्तर पेज फुंकत होते. म्हणाले, "काय लिहिणार?"

"फळा तिथं कधी नव्हताच म्हणून."

"मग फळा येईल?"

मी पेजेची वाटी खाली ठेवली.

"धाकलं मास्तर, खात्याकडं कवाच नसलेल्या वस्तूला रस्ता न्हाय. मी किती मागितलं! पन हरवलेल्या वस्तूला रस्ता हाय. वस्तू चोरीला गेली की जिम्मेदार सापडतोय, तेचा निकाल लागतोय आनि जागा भरून देत्यात. सरकारला बी कुनीतरी जिम्मेदार लागतंय की. सोता सोडून." मग पेजेचा घोट घेऊन म्हणाले, "मी नेला म्हणून लिहून देतो."

भाबी ओरडल्या, "या अल्ला! डोकं फिरलं ह्या मानसाचं!"

"परत मागतील तुमच्याकडं," मी म्हणालो.

"जाळला म्हणतो. थंडी लय हाय इकडं."

त्यांना हसू आलं, आणि मलाही, आणि भाबींना रडू. मी हात जोडले, भांडलो. पण जो माणूस उंबऱ्यावर बसून पोरगी उठेपर्यंत उठत नसे, त्याला हलवणं माझ्या हातात नव्हतं. त्यांनी माझ्याकडून एकच वचन घेतलं. "मी हाय तवर ह्यातलं काय छापू नका. खरं छापलंत तर फळा माघारी नेतील. खरं झालं की वस्तू जादा झाली."

एकाच हुकमात दोन कलमं आली. पहिल्यात सरकारी मालाच्या अपहाराबद्दल मास्तरांना बडतर्फ केलं होतं. दुसऱ्यात शाळेला नवा फळा मंजूर केला होता. दिपोटी साहेबांचं नाव कुठंच नव्हतं. पुढच्याच वर्षी ते वरच्या जागेवर गेले.

फळा बैलगाडीतून आला. पाटलानं नारळ फोडला आणि दरबारच्या उदारपणावर भाषण केलं. चंद्रा तोवर शाळेतून उठून हुपरीला सासरी गेली होती. जी पोरं टाळ्या वाजवत होती त्यांतल्या निम्म्यांनी मास्तरांना पाहिलंही नव्हतं.

मास्तर पुढं आजऱ्याला एका भाताच्या व्यापाऱ्याकडं वखारीत राखणीला राहिले. गेल्या थंडीत तापानं गेले. भाबींनी निरोप धाडला तो मला पंधरवड्यानं मिळाला.

आमच्या शाळेतली पोरं आता त्या फळ्यावरून मुळाक्षरं वाचतात. मागच्या आठवड्यात एका नव्या पोराला मी फळा पुसायला सांगितला. जवळच्यानं त्याला बजावलं, "जपून रं. आदीचा फळा चोरून नेलता. मुलाण्याचा मास्तर हुता एक, चोर."

पोराला हे घरी सांगितलेलं आहे. त्याच्या बापाला दंड झाला नाही तो कुणामुळं, हे त्याला घरी कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून मी हे लिहितो आहे, माझं नाव घालून, छापायला. वचन मास्तर असेपर्यंतचं होतं. हे छापून आलं की फळा चोरीला गेलाच नव्हता हे ठरेल, आणि चोरीच्या बदली मिळालेला आमचा फळा खात्याच्या लेखी जादा होईल. तो न्यायला माणूस येईल, यात मला शंका नाही. न्यायच्या बाबतीत खातं कधी उशीर करत नाही. येऊ दे. फक्त त्यानं सकाळी यावं, शाळा भरलेली असताना. पोरांच्या देखत त्यानं तो फळा भिंतीवरून काढावा, आणि तो आपण कशासाठी नेतो आहोत, ते त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगावं.